फास्टएपीआयच्या स्कीमावरून टाइपस्क्रिप्ट क्लायंट जनरेट करायचा आहे: कोणतं टूल घ्यावं, काय सांभाळावं?

मावळतीर

नमस्कार मंडळी.

पतसंस्थांसाठीचं वेब ॲप्लिकेशन आहे. सभासद, बचत खाती, मुदत ठेवी, कर्जं असे विभाग. बॅकएन्ड (सर्व्हरची बाजू) पायथनमधलं फास्टएपीआय आणि पायडँटिक २, फ्रंटएन्ड (ब्राउझरमधली बाजू) रिॲक्ट, टाइपस्क्रिप्ट आणि व्हीट, डेटा आणायला टॅनस्टॅक क्वेरी. एन्डपॉइंट (सर्व्हरला विनंती करायचे पत्ते) ऐंशीच्या घरात. फ्रंटएन्डचे सगळे टाइप हाताने लिहिलेले आहेत, त्यामुळे बॅकएन्डला फील्डचं नाव बदललं तरी फ्रंटएन्डचा बिल्ड खुशाल पास होतो आणि चूक थेट स्क्रीनवर दिसते.

आता फास्टएपीआयच्या ओपनएपीआय स्कीमावरून (एपीआयचं वर्णन करणारं जेसन) टाइप आणि क्लायंट (सर्व्हरला विनंत्या पाठवणारा कोड) जनरेट करायचे ठरले आहेत. प्रश्न असे:

ओपनएपीआय-टाइपस्क्रिप्ट, ऑर्व्हल की ओपनएपीआय जनरेटर? जनरेट झालेला कोड गिटमध्ये ठेवावा का? पैसे, तारखा आणि सोळा अंकी खाते क्रमांक यांचं काय होतं? आणि टीममध्ये एक मत असंही आहे की एआय असिस्टंट हाच क्लायंट लिहून देतो, मग जनरेटर हवाच कशाला. यावर ठोस मुद्दे असतील तर सांगा.

---

घाटवाट

टूल शेवटी ठरवा. जनरेटर स्वतःच्या मनाने काही करत नाही, स्कीमात जे आहे तेच टाइपस्क्रिप्टमध्ये उतरवतो. स्कीमा ढिसाळ असेल तर टाइपही ढिसाळ येतात, आणि वर "जनरेट केलंय म्हणजे बरोबरच असणार" असा खोटा भरवसा तयार होतो. त्यामुळे पहिले काही दिवस बॅकएन्डलाच द्यावे लागतील.

सुरुवात ऑपरेशन आयडीपासून करा. फास्टएपीआय हा आयडी फंक्शनचं नाव, पाथ आणि मेथड जोडून बनवतं. 'क्रिएट_अकाउंट' हे फंक्शन '/अकाउंट्स/' या पाथवर पोस्टसाठी असेल तर आयडी 'क्रिएट_अकाउंट_अकाउंट्स__पोस्ट' असा लांबलचक होतो. ऑर्व्हल आणि ओपनएपीआय जनरेटर याच आयडीवरून फंक्शनची नावं पाडतात. मग पाथ जरा हलवला की फ्रंटएन्डमधली सगळी नावं बदलतात. यावर इलाज म्हणजे ॲप तयार करताना 'जनरेट_युनिक_आयडी_फंक्शन' द्यायचं आणि त्यातून फक्त राउटचं नाव परत करायचं. टॅग आणि नाव जोडायची पद्धतही चालते, पण टॅग नसलेला एखादा राउट राहून गेला तर यादीतला पहिला टॅग मागताना ॲप सुरूच होत नाही. नुसतं नाव वापरलं तर दोन राउटरमध्ये एकाच नावाची फंक्शनं असू शकत नाहीत. तसं झालं की स्कीमा बनताना डुप्लिकेट ऑपरेशन आयडीची वॉर्निंग येते. स्कीमा काढणाऱ्या स्क्रिप्टमध्ये तेवढी वॉर्निंग एरर ठरवून टाका, नाहीतर लॉगमध्ये ती कुणी वाचत नाही.

मग प्रत्येक एन्डपॉइंटचा रिटर्न टाइप पाहा. फास्टएपीआय ०.८९ पासून फंक्शनवर लिहिलेला रिटर्न टाइपच रिस्पॉन्स मॉडेल धरला जातो. तो लिहिलाच नसेल तर स्कीमा रिकामा जातो आणि टाइपस्क्रिप्टमध्ये 'अननोन' येतं. 'डिक्ट' लिहिलं असेल तरी हाती काही लागत नाही, कारण की कोणत्या आणि व्हॅल्यू कोणत्या हे स्कीमाला कळत नाही. ऐंशीपैकी किती ठिकाणी असं आहे ते आधी मोजा, कामाचा खरा अंदाज तिथेच येईल.

'रिस्पॉन्स_मॉडेल_एक्सक्लूड_नन' कुठे वापरलं असेल तर काढा. नल चालणारं पण डिफॉल्ट नसलेलं फील्ड आउटपुट स्कीमात 'रिक्वायर्ड' असतं. ही सेटिंग मात्र नल असलेलं फील्ड उत्तरातून गाळूनच टाकते. म्हणजे टाइप सांगतो फील्ड असणारच, आणि प्रत्यक्षात ते नसतं.

एरर सगळेच विसरतात. ४२२ चं उत्तर फास्टएपीआय स्वतःहून स्कीमात घालतं. तुम्ही कोडमध्ये फेकलेले ४०४, ४०९ मात्र स्कीमात येत नाहीत, ते राउटवर 'रिस्पॉन्सेस'मध्ये मॉडेलसकट लिहावे लागतात. आणखी एक गोम: ४२२ मध्ये 'डीटेल' ही यादी असते, तर तुम्ही फेकलेल्या एचटीटीपी एक्सेप्शनमध्ये 'डीटेल' बहुधा साधी स्ट्रिंग असते. एरर दाखवणाऱ्या कम्पोनन्टने दोन्ही हाताळले नाहीत तर "शिल्लक अपुरी" ऐवजी 'ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट' दिसतं. सरळ उपाय म्हणजे दोन्हींसाठी एक्सेप्शन हँडलर लिहून एकाच आकाराचं उत्तर द्यायचं आणि तोच आकार स्कीमात नोंदवायचा.

आता खाते क्रमांक. जावास्क्रिप्टमध्ये पूर्णांक ९००७१९९२५४७४०९९१ पर्यंतच सुरक्षित राहतो. ही संख्या सोळा अंकी आहे, म्हणजे ९१ ने किंवा ९५ ने सुरू होणारा तुमचा सोळा अंकी क्रमांक तिच्या पलीकडे जातो. ९००७१९९२५४७४०९९३ पाठवलात तर जेसन पार्स झाल्यावर शेवटचा आकडा २ होतो. पायथनमध्ये किंवा कर्लने तपासलं तर क्रमांक बरोबरच दिसतो, त्यामुळे शोधताना डोकं फिरतं. शिवाय शून्याने सुरू होणाऱ्या क्रमांकाचं पहिलं शून्य उडतं ते वेगळंच. खाते क्रमांकावर बेरीज-वजाबाकी कधी करायची नसते, तेव्हा तो मॉडेलमध्ये 'एसटीआर' ठेवा आणि पॅटर्न लावून फक्त सोळा अंक चालतील असं करा. जनरेटर मग तो स्ट्रिंगच देईल.

रक्कम 'डेसिमल' असेल तर पायडँटिक २ ती जेसनमध्ये स्ट्रिंग म्हणून पाठवतं, आणि तेच योग्य आहे. फ्रंटएन्डला ती 'पार्सफ्लोट' करून बेरजा करू नका. बेरीज बॅकएन्डला करा किंवा डेसिमल.जेएस वापरा. नुसतं दाखवायचं असेल तर इंटल.नंबरफॉरमॅट आहे: 'एमआर-आयएन' दिलं की देवनागरी अंक आणि लाख-कोटीचे स्वल्पविराम दोन्ही मिळतात, इंग्रजी अंक हवे असतील तर 'ईएन-आयएन'.

---

अर्धविराम

घाटवाट यांनी स्कीमाचं सांगितलंच आहे, मी टूल आणि पाइपलाइनबद्दल लिहितो.

ओपनएपीआय जनरेटर हा २०१८ मध्ये स्वॅगर कोडजेनमधून वेगळा झालेला प्रकल्प. ढीगभर भाषांसाठी चालतो, पण तो जावात लिहिलेला आहे. एनपीएमचं पॅकेज म्हणजे वरचं वेष्टन, आतून ते जार फाइल उतरवतं. म्हणजे फ्रंटएन्डच्या प्रत्येक मशीनवर आणि सीआयमध्ये (कोड आपोआप तपासणाऱ्या यंत्रणेत) जावा लागणार. शिवाय फास्टएपीआय ०.९९ पासून ओपनएपीआय ३.१ चा स्कीमा देतं, आणि या टूलमध्ये ३.१ बराच काळ बीटा पातळीवर होतं. एकाच स्कीमावरून टाइपस्क्रिप्ट, कॉटलिन आणि स्विफ्ट असे तीन क्लायंट काढायचे असतील तर ते घ्या. फक्त वेब असेल तर घेऊ नका.

ओपनएपीआय-टाइपस्क्रिप्ट फक्त टाइप देतं, चालणारा कोड एक ओळही नाही. सोबत ओपनएपीआय-फेच ही छोटी लायब्ररी घेतली की पाथ लिहिताच बॉडी, पॅरामीटर आणि उत्तर यांचे टाइप आपोआप लागतात. तुमच्या गरजेला मी हेच सुचवेन. जनरेट होणारी फाइल एकच असते आणि टूल बदलावंसं वाटलं तरी फारसं अडकायला होत नाही.

एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा. ओपनएपीआय-फेच ४०० किंवा ५०० आल्यावर एक्सेप्शन फेकत नाही. ते 'डेटा', 'एरर' आणि 'रिस्पॉन्स' असं परत देतं. टॅनस्टॅक क्वेरीला मात्र फेकलेलंच एक्सेप्शन कळतं. क्वेरी फंक्शनमध्ये 'एरर' तपासून स्वतः फेकला नाही आणि आलेलं ऑब्जेक्ट तसंच परत दिलं, तर सर्व्हर कोसळलेला असतानाही क्वेरी फेल झाल्यासारखी वागत नाही आणि तुमची एरर स्क्रीन येतच नाही. हे प्रत्येक ठिकाणी लिहीत बसण्याऐवजी ओपनएपीआय-रिॲक्ट-क्वेरी हे त्याच प्रकल्पाचं जोडपॅकेज लावा, ते फेकण्याचं काम करतं. टोकन जोडणं, ४०१ वर लॉगिनला पाठवणं हे मिडलवेअरमध्ये एकदाच लिहा.

केवायसीची कागदपत्रं अपलोड करणारा एन्डपॉइंट असेलच. स्कीमात फाइल म्हणजे 'स्ट्रिंग', त्यामुळे टाइपही स्ट्रिंग येतो, आणि तुम्हाला तर फॉर्मडेटा पाठवायचा असतो. अशा दोन-चार एन्डपॉइंटना हाताने लिहिलेलं छोटं फंक्शन ठेवा, त्यासाठी जनरेटरशी झटापट नको.

पाइपलाइन अशी:

पहिली पायरी, सर्व्हर न चालवता स्कीमा काढायचा. पायथनच्या स्क्रिप्टमध्ये ॲप इम्पोर्ट करा, 'ॲप.ओपनएपीआय()' बोलवा आणि जेसन फाइलमध्ये लिहा. यासाठी इम्पोर्ट करतानाच डेटाबेसला जोडणारा कोड नको. ते काम लाइफस्पॅनमध्ये (ॲप सुरू आणि बंद होताना चालणाऱ्या कोडमध्ये) हलवा. सेटिंग्जमधली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलं सक्तीची असतील तर सीआयमध्ये खोटी मूल्यं द्या, नाहीतर इम्पोर्टच फसतो. फील्डची वर्णनं मराठीत असतील तर 'एन्शुअर_आस्की' बंद करा, म्हणजे डिफमध्ये (गिट दाखवतं त्या बदलांमध्ये) 'यू०९२ई' सारख्या सांकेतिक ओळींऐवजी वाचता येणारी मराठी दिसेल. विंडोजवर फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ आणि ओळीचा शेवट एलएफ असा स्पष्ट लिहा. तिथलं डिफॉल्ट एन्कोडिंग बहुधा सीपी१२५२ असतं आणि पहिल्याच देवनागरी अक्षराला स्क्रिप्ट बंद पडते. की क्रमाने लावून लिहिल्या तर डिफ नेटका राहतो.

दुसरी पायरी, त्या जेसनवरून टाइप जनरेट करायचे. जनरेटरची आवृत्ती पॅकेज.जेसनमध्ये कॅरेट (^) न लावता नेमकी लिहा. पायडँटिक आणि फास्टएपीआयच्या आवृत्त्याही लॉक करा, कारण त्यांच्या छोट्या अपडेटनेसुद्धा स्कीमातले तपशील बदलू शकतात.

तिसरी पायरी, सीआयमध्ये दोन्ही पुन्हा जनरेट करून गिटमधल्याशी ताडून पाहायचं. इथे नुसतं 'गिट डिफ --एक्झिट-कोड' पुरत नाही, नव्याने तयार झालेल्या आणि ट्रॅक न केलेल्या फाइली त्याला दिसत नाहीत. आधी 'गिट ॲड -ए', मग 'गिट डिफ --कॅश्ड --एक्झिट-कोड'.

चौथी पायरी 'टीएससी --नोएमिट', म्हणजे टाइपस्क्रिप्टच्या कम्पायलरकडून नुसती टाइपची तपासणी. व्हीट टाइप तपासत नाही, काढून टाकतं. तुमचा बिल्ड "खुशाल पास" होण्यामागे हेही एक कारण असू शकतं, तेव्हा बिल्ड स्क्रिप्टमध्ये टीएससी आहे ना ते आजच बघा. 'स्ट्रिक्ट' चालू हवंच. ते बंद असेल तर नलचा सगळा हिशोब वाया.

पाचवी, ओएएसडिफ. मेन ब्रांचमधला स्कीमा आणि पुल रिक्वेस्टमधला स्कीमा यांची तुलना करून तो जुन्या क्लायंटला तोडणारे बदल दाखवतो. 'ब्रेकिंग' ही कमांड आणि '--फेल-ऑन ईआरआर' एवढं पुरे. पतसंस्थेच्या काउंटरवर ब्राउझरचा टॅब सकाळी उघडला की संध्याकाळपर्यंत तसाच राहतो, म्हणजे तुम्ही दुपारी डिप्लॉय केलंत तरी तिथे जुनाच फ्रंटएन्ड चालू असतो. म्हणून फील्ड काढायचं असेल तर आधी नवीन जोडा, फ्रंटएन्ड नव्यावर न्या, आणि जुनं पुढच्या रिलीजला काढा.

गिटमध्ये ठेवायचं का? हो, स्कीमाचं जेसन आणि जनरेट झालेले टाइप, दोन्ही. बॅकएन्डवाल्याला पुल रिक्वेस्टमध्येच दिसतं की आपल्या एका ओळीने फ्रंटएन्डचं काय बदललं. गिट ॲट्रिब्यूट्स फाइलमध्ये टाइपच्या फोल्डरला 'लिंग्विस्ट-जनरेटेड' लावा, म्हणजे गिटहबवर तो डिफ मिटलेला राहतो आणि रिव्ह्यू करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर फक्त स्कीमा येतो.

---

कडीपत्ता

अर्धविराम यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत, पण दोन ठिकाणी माझं मत वेगळं आहे.

जनरेट झालेले टाइप कमिट करू नका, स्कीमा तेवढा करा. दोन ब्रांचमध्ये एन्डपॉइंट वाढले की टाइपच्या फाइलमध्ये हमखास कॉन्फ्लिक्ट येतो आणि माणसं तो हाताने सोडवायला बसतात. डेव्ह आणि बिल्डच्या आधी चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये जनरेट करून टाका, ऐंशी एन्डपॉइंटच्या स्कीमाला काही फार वेळ लागत नाही. कमिट करायचेच असतील तर टीमचा नियम एकच असावा: कॉन्फ्लिक्ट आला तर कोणतीही एक बाजू घ्यायची आणि पुन्हा जनरेट करायचं, त्या फाइलमध्ये हाताने एक अक्षरही नाही.

दुसरं, ऑर्व्हलला इतक्या लवकर बाजूला सारू नका. तो टॅनस्टॅक क्वेरीचे हुक, क्वेरी की, झॉडचे (चालत्या कोडमध्ये डेटा तपासणारी लायब्ररी) स्कीमा आणि एमएसडब्ल्यूचे मॉकही (सर्व्हरऐवजी खोटी उत्तरं) काढून देतो. बॅकएन्डचा एन्डपॉइंट तयार व्हायच्या आधी त्याचा स्कीमा मर्ज झाला की फ्रंटएन्डवाल्यांना मॉकवर काम सुरू करता येतं. आउटपुट 'टॅग्स-स्प्लिट' मोडमध्ये ठेवा, म्हणजे ठेवी, कर्जं, सभासद अशा वेगळ्या फाइली होतात. टोकन आणि बेस यूआरएलसाठी 'म्यूटेटर' म्हणून स्वतःचं फंक्शन द्या. अडचण एवढीच की मॉकमधला डेटा 'फेकर' ही लायब्ररी यादृच्छिक देते. त्यात ठेवीची रक्कम आणि परिपक्वता रक्कम यांचा काही मेळ नसतो, म्हणून व्याजाच्या स्क्रीनसाठी मॉक हाताने भरावे लागतात. आणि ऑर्व्हल घेतलंत तर ऑपरेशन आयडीचं काम आधी, कारण हुकची नावं त्यावरूनच पडतात.

झॉडबद्दल एक खुलासा. टाइपस्क्रिप्टचे टाइप चालत्या कोडमध्ये नसतात, सर्व्हरने वेगळंच काही पाठवलं तर ते काही अडवणार नाहीत. तरीही प्रत्येक उत्तर झॉडमधून गाळायची गरज नाही. दोन्ही बाजू तुमच्याच आहेत आणि सीआय ताडतो आहे. बाहेरच्या सेवांकडून येणारी उत्तरं आणि लोकल स्टोरेजमधून वाचलेला डेटा तेवढा गाळा.

आता एआयचा मुद्दा. जनरेटरला तोच स्कीमा दहा वेळा दिला तर दहाही वेळा तीच फाइल येते, म्हणून तर सीआयमध्ये ताडून पाहता येतं. असिस्टंटकडून ती हमी मिळत नाही. तो एखाद्या फील्डचं नाव जास्त "साजेसं" करून टाकतो, पर्यायी फील्ड सक्तीचं करतो, आणि ऐंशी एन्डपॉइंटमध्ये अशा तीन जागा माणसाच्या नजरेतून निसटतात. जे काम नियमाने ठरतं ते नियमाने चालणाऱ्या टूलला द्यावं.

असिस्टंटचा उपयोग त्या टाइपच्या वरच्या थरात आहे, आणि तिथे तो खरंच चांगला चालतो. फॉर्म, तक्ते, टेस्ट, जुना कोड नव्या क्लायंटवर हलवणं. जनरेट झालेले टाइप त्याला संदर्भ म्हणून द्या; त्याने फील्डचं नाव चुकवलं की टीएससी लगेच पकडतं. त्यासाठी मात्र तीन कुंपणं लागतात. एक, असिस्टंटच्या सूचनांच्या फाइलमध्ये स्पष्ट लिहा की जनरेट झालेल्या फोल्डरला हात लावायचा नाही. फोल्डर कमिट करत असाल तर सीआयची ताडणी तो हस्तक्षेप पकडतेच. दोन, टाइपची एरर घालवायला तो 'ॲज एनी' लिहून मोकळा होतो, म्हणून टाइपस्क्रिप्ट-ईएसलिंटचे 'नो-एक्सप्लिसिट-एनी' आणि 'नो-अनसेफ-असाइनमेंट' हे नियम एरर पातळीवर ठेवा. तीन, तो अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचं नाव सुचवू शकतो आणि त्या नावाचं घातक पॅकेज कुणीतरी आधीच टाकून ठेवलेलं असू शकतं. नवीन पॅकेज एनपीएमवर उघडून, त्याचा मूळ रेपो आणि इतिहास पाहूनच घ्या, आणि सीआयमध्ये 'एनपीएम इन्स्टॉल' ऐवजी 'एनपीएम सीआय' चालवा.

---

मावळतीर

सगळ्यांचे आभार, फार उपयोगी माहिती मिळाली. ओपनएपीआय-टाइपस्क्रिप्ट चालवून पाहिलं. तीन गोष्टी अडल्या.

स्कीमात 'मेंबर-इनपुट' आणि 'मेंबर-आउटपुट' असे दोन-दोन प्रकार आले आहेत. 'सेपरेट_इनपुट_आउटपुट_स्कीमाज' ही सेटिंग बंद केली की एकच येतो असं वाचलं, करू का?

मुदत ठेवीची परिपक्वता तारीख १५ मार्च निवडली तर सर्व्हरला १४ मार्च पोहोचते. टाइप तर स्ट्रिंगच आहे.

आणि ऐंशी एन्डपॉइंट एकदम बदलायचे की हळूहळू?

---

घाटवाट

ती सेटिंग बंद करू नका. एकच मॉडेल विनंतीत आणि उत्तरात दोन्हीकडे वापरलं आणि दोन्हीकडचे स्कीमा वेगळे निघाले की फास्टएपीआय असे दोन प्रकार करतं. हा फरक खरा आहे, दिखाऊ नाही. डेसिमलचंच पाहा: पाठवताना नंबर किंवा स्ट्रिंग चालते, उत्तरात स्ट्रिंगच येते. सेटिंग बंद केली की सगळीकडे इनपुटचाच स्कीमा लागतो, म्हणजे उत्तरातली रक्कम 'नंबर किंवा स्ट्रिंग' होते आणि प्रत्येक ठिकाणी तपासणी लिहावी लागते. त्याऐवजी 'मेंबरक्रिएट', 'मेंबरअपडेट', 'मेंबररीड' अशी मॉडेलं वेगळी करा. प्रत्येक मॉडेल एकाच दिशेला वापरलं गेलं की '-इनपुट', '-आउटपुट' या शेपट्या आपोआप जातात. आत घुसवलेली सामाईक मॉडेलं, जसं पत्ता, तिथे त्या राहू शकतात. त्या तशाच राहू द्या.

'मेंबरअपडेट'बद्दल जाता जाता. पॅच विनंतीत (नोंदीचा काही भाग बदलताना) "फील्ड पाठवलंच नाही" आणि "नल पाठवलं" यांचे अर्थ वेगळे आहेत. वारसाचं नाव पुसायचं असेल तर नल पाठवावं लागतं, कारण 'अनडिफाइन्ड' असलेलं फील्ड जेसन बनताना गळून पडतं. बॅकएन्डला 'मॉडेल_डंप' करताना 'एक्सक्लूड_अनसेट' लावा, म्हणजे न पाठवलेली फील्डं जुन्याच मूल्यावर राहतील आणि नल पाठवलेली पुसली जातील.

तारखेचा दोष जनरेटरचा नाही, पण फार ओळखीचा आहे. तारीख निवडणारा कम्पोनन्ट स्थानिक वेळेतली मध्यरात्र देतो. भारतात १५ मार्चची मध्यरात्र म्हणजे यूटीसीमध्ये १४ मार्चचे १८:३०. त्यावर 'टूआयएसओस्ट्रिंग' बोलावून पहिली दहा अक्षरं कापली की १४ तारीख हाती येते. कोडमध्ये नेमकं हे शोधा. ओपनएपीआय जनरेटरचा टाइपस्क्रिप्ट-फेच क्लायंट हेच काम स्वतः करतो, 'डेट' प्रकारच्या फील्डला डेट ऑब्जेक्ट बनवून. म्हणजे तिथेही हा दोष आलाच असता. ठेवीवरचं व्याज दिवसांवर मोजलं जातं, तेव्हा हा एक दिवस हिशोबात फरक पाडतो.

नुसती तारीख असेल तर ती आदीपासून अंतापर्यंत स्ट्रिंगच ठेवा. ब्राउझरचा साधा 'इनपुट टाइप डेट' थेट वर्ष-महिना-दिवस अशी स्ट्रिंग देतो, ती तशीच पाठवा. कॅलेंडरचा कम्पोनन्ट डेट ऑब्जेक्टच मागत असेल तर डेट-एफएनएसचं 'पार्सआयएसओ' आत जाताना आणि 'फॉरमॅट' बाहेर येताना वापरा, दोन्ही स्थानिक वेळेत चालतात. 'न्यू डेट' ला नुसती तारखेची स्ट्रिंग दिली तर ती यूटीसीची मध्यरात्र धरली जाते. भारतात ती सकाळी साडेपाचला पडते म्हणून तारीख बरोबर दिसते आणि दोष लपतो. अमेरिकेतून उघडणाऱ्याला आदला दिवस दिसेल.

वेळेसकट असलेल्या फील्डांचा धोका उलटा. बॅकएन्डला 'यूटीसीनाऊ' वापरलं असेल तर मूल्याला टाइमझोन नसतो, पायडँटिक ते यूटीसी दाखवणाऱ्या 'झेड' अक्षराशिवाय पाठवतं आणि ब्राउझर ते स्थानिक वेळ समजतो. व्यवहाराची वेळ साडेपाच तास मागे दिसते. 'यूटीसीनाऊ' पायथन ३.१२ पासून बाद ठरवलेलं आहेच. मॉडेलमध्ये 'अवेअरडेटटाइम' हा प्रकार घाला, टाइमझोन नसलेलं मूल्य तिथेच अडेल.

---

अर्धविराम

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: हळूहळू, पण टाइप आधी आणि फेच नंतर.

हाताने लिहिलेल्या टाइपची जी फाइल आहे ती हटवू नका. तिच्यातल्या प्रत्येक व्याख्येच्या जागी जनरेट झालेल्या टाइपचं टोपणनाव ठेवा, म्हणजे 'टाइप मेंबर' बरोबर 'कम्पोनन्ट्स'मधल्या 'स्कीमाज'मधला 'मेंबररीड'. बाकीचे कम्पोनन्ट जुन्याच नावाने इम्पोर्ट करत राहतील, त्यांना हात लावायला नको. एक टोपणनाव बदलायचं, टीएससी चालवायचं, येतील त्या एरर सोडवायच्या, कमिट. प्रत्येक एरर म्हणजे हाताचा टाइप आणि खरा बॅकएन्ड यांच्यातली एक तफावत, म्हणून ती 'ॲज' लावून दाबू नका. बहुतेक एरर नलच्या असतील.

सुरुवात सभासदांपासून करा. तो टाइप सगळीकडे वापरलेला असतो आणि त्यात रकमा नसतात. मग बचत खाती, मग ठेवी, कर्जं शेवटी.

टाइप संपले की फेचच्या हाका एकेका विभागात क्लायंटवर न्या. जो विभाग पूर्ण झाला त्या फोल्डरपुरता ईएसलिंटच्या 'नो-रिस्ट्रिक्टेड-ग्लोबल्स' मध्ये 'फेच' घाला, म्हणजे नव्याने कुणी जुन्या पद्धतीने लिहू शकणार नाही. अपलोडची ती हाताने लिहिलेली फंक्शनं एकाच फाइलमध्ये ठेवून तेवढ्या फाइलला या नियमातून वगळा.